भाकरीखालचा कागद

दचकू नका. औषधांच्या पाकिटांखालून आवाज येतोय, तो माझाच. मी जर्मनचा डबा. जर्मन म्हणजे परदेशातला नव्हे हो, आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. तीन कप्पे, वर झाकण, बाजूला कडी असा मी होतो. आता दोनच कप्पे उरलेत आणि कडी वाकडी झालीय. तशी माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट पस्तीस वर्षं मी आत दाबून ठेवलीय, ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ठाऊक नाही. पहिलं आठवतं ते शहराच्या बाजारातलं, गुलमंडीतलं भांड्यांचं दुकान. अठ्ठ्याऐंशी सालचा जून होता. फुलंब्रीचे कारभारी आणि त्यांची बायको वच्छलाबाई दुकानात आले. बाईंनी चार-पाच डबे उघडून पाहिले, प्रत्येकाच्या झाकणावर टिचकी मारली आणि मला उचलून म्हणाल्या, "ह्योच द्या." दुकानदारानं मशीन लावून माझ्या अंगावर नाव कोरलं, 'चि. बद्रीनाथ'. नाव कोरताना गुदगुल्या होतात असं काही भांडी सांगतात. साफ खोटं. चांगलं दुखतं.

बद्रीनाथ त्यांचा मुलगा. तीन पोरींच्या पाठीवर झालेला, दहावीला शाळेत पहिला आलेला. निकाल लागला त्याच दिवशी कारभारींनी पारावर जाहीर करून टाकलं की पोरगा डॉक्टर होणार. पोराला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो "व्हय" म्हणाला असता, सोळा वर्षांचा होता तो. शहरातल्या कॉलेजात अकरावी सायन्सला त्याचं नाव घातलं, समर्थनगरात एक खोली पाहिली. जेवणाची सोय म्हणून मी आलो.

आमच्या भागात ही रीतच आहे. शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे गावाकडून सकाळच्या एसटीनं येतात आणि संध्याकाळच्या एसटीनं रिकामे परत जातात. ड्रायव्हरशेजारच्या त्या गरम बॉनेटवर आम्ही पंधरा-वीस डबे दाटीवाटीनं बसायचो. आमचे ड्रायव्हर सांडूमामा. हर्सूलच्या वळणावर गाडी हेलकावली की ते आम्हालाच दटावायचे, "गप बसा रं, कालवण सांडंल!" स्टँडवर पोरं वाट पाहत उभी असायची. पहिले दोन महिने बद्री तर गाडी थांबायच्या आत पळत यायचा.

वच्छलाबाई भाकरीला घाम सुटू नये म्हणून तिच्याखाली कागद घालायच्या. कागद म्हणजे बद्रीच्याच जुन्या शाळेच्या वह्यांची पानं. बाईंना अक्षरओळख नव्हती. पण पान फाडताना त्यावरून एकदा हात फिरवायच्या, म्हणायच्या, "काय मोत्यावानी लिव्हतंय माझं लेकरू." तेलकट झालेली ती पानं संध्याकाळी माझ्यातूनच परत यायची आणि चूल पेटवायला जायची. रोजचंच होतं ते.

पोळ्यानंतर बद्री बदलायला लागला. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं. एकदा मास्तरांनी काहीतरी विचारलं, तर हा उभा राहून "व्हय सर" म्हणाला आणि सगळा वर्ग हसला. हे मला त्याच्याच पुटपुटण्यातून कळलं. त्या दिवसापासून तो दोन प्रकारचं बोलायला लागला. कॉलेजातल्या पोरांशी 'इथे-तिथे', सांडूमामांशी 'इथं-तिथं'. पुढं पुढं दोन्हीकडं बोलणंच कमी झालं. मला कापडी पिशवीत लपवून न्यायला लागला. त्याच्या वर्गातला श्रीधर एकदा म्हणाला, "अरे, तुझ्या डब्याचं अर्धं तिकीट काढतात की पूर्ण?" वाईट नव्हता तो पोरगा, नुसती चेष्टा केली. बद्रीही हसला. खोलीवर येऊन मात्र मला कोपऱ्यात आदळलं. माझी कडी वाकली ती तेव्हाच.

मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्याची अवस्था बघून राग टिकेना. मिसरूड फुटलं होतं, आवाज फाटला होता, आरशासमोर तासभर उभा राहायचा आणि मग आरसाच उलटा टांगून ठेवायचा. कॉलेजला जाणं बंद झालं. सहामाहीत फिजिक्समध्ये शंभरात अकरा मार्क पडले, ते घरी सांगितले नाहीत. दिवसभर खाटेवर पडून भिंतीकडं बघायचा. जेवायचा नाही. सगळी भाजी-भाकरी मागच्या गल्लीतल्या गाईपुढं टाकायचा आणि मला विसळून परत पाठवायचा.

आणि तिकडं फुलंब्रीत वच्छलाबाई मला उघडून आत डोकावायच्या. चाटूनपुसून रिकामा! बाईंचा चेहरा फुलायचा. "खाल्लं गं माझ्या लेकरानं," शेजारणीला सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी एक भाकरी जास्त घालायच्या. माझा जीव तुटायचा. अहो बाई, तो वाळत चाललाय! मी आपला खडखड वाजायचो. बाईंना वाटायचं, झाकण सैल झालंय. त्यांनी त्याला दोरी बांधली.

दिवाळीत तो घरी गेला. कारभारी येईल त्याला सांगायचे, "हे आमचे डॉक्टर." बद्री जमिनीकडं बघत उभा राहायचा. सगळे म्हणाले, पोरगं किती शांत झालं, शिक्षणानं माणूस शहाणा होतो. बाईंनीही मान डोलावली. मला वाटलं होतं, आई तरी ओळखेल. मी काय, डबा. मला असं वाटून काय उपयोग?

जानेवारीतली ती दुपार मला विसरता येत नाही. बद्रीनं माझं झाकण मांडीवर घेतलं, त्यावर कागद ठेवला आणि लिहायला लागला. लिहिता लिहिता ओठ हलत होते, म्हणून मला शब्द न् शब्द पाठ आहे. वडलांना तो दादा म्हणायचा. "आई, दादा. मला सायन्स जमत नाही. मी नापास झालोय. सकाळी उठावं वाटत नाही. कुणाशी बोलावं वाटत नाही. मला माझीच भीती वाटते. मला एकट्याला तिथं यायची हिंमत नाही, दादा लोकांना काय सांगतील? तुम्ही येऊन मला घेऊन जा. रागवा, पण घेऊन जा."

पान वहीचं होतं, रेघारेघांचं. त्याची चार घड्यांची घडी केली आणि माझ्या खालच्या कप्प्यात ठेवली. कप्पा नीट पुसायचं त्याला भान नव्हतं. मग स्टँडवर जाऊन मला सांडूमामांच्या हातात दिलं.

मी इतक्या आनंदात कधी परतलो नव्हतो. म्हटलं, सुटलं पोरगं! दादा वाचतील आणि उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं येतील.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बाईंनी मला उघडलं. घडीत तेल मुरलं होतं, शाई पसरली होती. बाईंनी ती उलगडली, लेकराच्या अक्षरावरून नेहमीसारखा हात फिरवला, "किती तेलकट झालाय," म्हणाल्या आणि चुलीत सारली. मी चुलीपासून हातभर लांब होतो. हातभरच! पण मला हात कुठले? कागद भक्कन पेटला. त्यावर बाईंनी चहा केला. कारभारींनी तो पिताना विचारलं, "पोराचं कसं काय?" बाई म्हणाल्या, "चांगलं हाय की. डबा सगळा संपवतोय."

दुसऱ्या दिवशी बद्री स्टँडवर तासभर आधीच येऊन उभा होता. गाडीतून दादा उतरले नाहीत. त्यानं मला तिथंच उघडलं, भाकऱ्या उचलून उचलून पाहिल्या, कागद उलटा-सुलटा केला. ते सातवीच्या भूगोलाचं पान होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं सांडूमामांना विचारलं, "मामा, घरून काही निरोप?"

"हाय की," मामा म्हणाले. "तुही माय म्हन्ली, डबा जरा नीट धूत जा. परवा लई तेलकट आला व्हता."

बद्रीनं मान हलवली. त्या दिवशी खोलीवर येऊन तो रडला नाही की काही नाही. मला घासत बसला. राखेनं, दगडाच्या चुऱ्यानं, माझं नाव झिजेस्तोवर घासलं. आई-दादांनी वाचलं आणि 'डबा नीट धू' एवढंच उत्तर दिलं, असंच तो समजला. अरे वेड्या, त्यांना मिळालंच नाही! किती खडखडलो मी. दोरी घट्ट बांधलेली होती.

पुढं फार काही नाही. बद्री बारावीला नापास झाला. कारभारी वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत, तोही बोलला नाही. वाळूजला कंपनीत लागला, लग्न झालं, सिडकोत घर झालं. बारा वर्षांमागं कारभारी गेले, तेव्हा तो आईला इकडं घेऊन आला. बाईंबरोबर मीही आलो, त्यांच्या गोळ्या ठेवायला. शहराचं नावही बदललं आता. बद्री आईचं सगळं करतो. दवाखाना, चष्मा, थंडीत स्वेटर. पण तिच्याजवळ बसत नाही. कामापुरतं बोलतो आणि उठतो. बाई सगळ्यांना सांगतात, "माझा बद्री पहिल्यापासूनच मुका."

परवा रविवारी सगळे जेवायला बसले होते. बद्रीची मुलगी प्रांजल बारावीला आहे. ताटावरच एकदम म्हणाली, "पप्पा, मला नाही जमत हे नीट-बिट. मला नाही व्हायचं डॉक्टर." तिच्या आईचा घास हातातच राहिला. बद्री मात्र लगेच म्हणाला, "बरं. सोड मग."

बाई कौतुकानं म्हणाल्या, "कशी पटकन बोलली पोरगी! तू असं कधी बोलला नाय रं."

बद्री हात धुवून आला. आणि बाई माझ्यातून गोळी काढत होत्या तिथं, त्यांच्याजवळ, खाली बसला. पस्तीस वर्षांनी!

"आई," तो म्हणाला, आणि त्याची जुनी बोली आपोआप तोंडात आली. "अकरावीला असताना म्या डब्यात एक कागद ठिवला व्हता. तुला भेटला व्हता का?"

"कागद? कागद तर रोजच यायचे की. भाकरीखालचे. म्या चुलीत घालायची." बाईंचा हात माझ्या झाकणावर थांबला. "का रं? त्याच्यात काय लिव्हलं व्हतं काय तू?"

इतक्या वर्षांचा राग बद्रीच्या चेहऱ्यावरून उतरताना मी डोळ्यांदेखत पाहिला, आणि त्याच्या जागी काय आलं ते मला बघवेना. बोल रे बाबा, मी मनात म्हणालो, आता तरी बोल. त्यानं बाईंच्या सुरकुतलेल्या हाताकडं पाहिलं.

"काय नाय गं," तो म्हणाला. "चटणी लई तिखट व्हती, तेवढंच लिव्हलं व्हतं."

"अगं बया! मंग दुसऱ्या दिवशी सांगायचं का नाय? म्या मिरच्या कमी घातल्या असत्या रं."

"जाऊ दे आता," म्हणून तो उठला आणि गॅलरीत गेला.

आज तिसरा दिवस. बाई घडीघडी सुनेला सांगतात, "माझ्या लेकरानं सालभर तिखट खाल्लं, अन् मला कळलं नाय," आणि पदरानं डोळे पुसतात. चटणीसाठी एवढं रडणारी बाई ती, खरं कळलं तर काय होईल तिचं? आणि नाही कळलं, तर बद्रीनं ते मरेपर्यंत एकट्यानंच वागवायचं का? मला दोघांचंही सगळं ठाऊक आहे आणि माझ्यात फक्त रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. तुम्ही तरी सांगा हो, तुम्हाला तोंड आहे. तुम्ही असता तर म्हातारीला सांगितलं असतं का?