रिकामे दळण

मित्रांनो, मी एक जुने जाते आहे. तुमच्या घरचे नव्हे, रोमच्या फौजेचे. रोमचे नाव घेतले की तुम्हाला तलवारी आणि घोडे आठवत असतील. आठवू देत. पण तलवार रोज लागत नाही, भाकरी रोज लागते, आणि ती माझ्यावाचून होत नव्हती. हा तोरा माझ्या अंगात अजून आहे, त्याला मी तरी काय करू?

माझा दगड काळा, बारीक छिद्रांचा, ऱ्हाईन नदीकाठच्या खाणीतला. तिथे माझ्या दोन्ही तळ्या घडवल्या, खुंटा ठोकला आणि गलबतातून मला ब्रिटन बेटावर धाडले. बेटाच्या उत्तरेला रोमने या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत दगडी भिंत घातली होती. तिला लागून आमचा किल्ला. अलीकडे रोम, पलीकडे धुके, मेंढ्या आणि आपल्याच मर्जीने राहणारी माणसे.

फौजेची रीत अशी की एका खोलीत आठ शिपाई आणि त्या आठांत एक जाते. धान्य कोठारातून मिळे, दळायचे ज्याचे त्याने. संध्याकाळ झाली की खोल्याखोल्यांतून घरघर सुरू होई. कोणी सीरियाचा, कोणी डॅन्यूबकाठचा. गाणी प्रत्येकाच्या आईच्या भाषेतली. कोमट पीठ माझ्या कडेने झरत राही आणि मी अर्धवट झोपेत फिरत राही. मला वाटे, हे जग म्हणजे एक मोठे जातेच आहे आणि आपण त्याच्या पोटात सुखाने बसलो आहोत.

ती घरघर भिंतीपलीकडेही जाई. मेंढ्या वळवणारे लोक उभे राहून ऐकत. जाती मोजली की शिपाई मोजता येतात, हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणून कोणी भिंतीच्या वाटेला जात नसे. मित्रांनो, त्या दिवसांत मी फार सुखी होतो, हे मला सांगितलेच पाहिजे.

मग दूरच्या शहरांत सम्राट भराभर बदलू लागले. आमच्या बेटावरच्या एका सेनापतीलाही सम्राट व्हायची हौस आली. त्याने किल्ल्याकिल्ल्यांतून शिपाई गोळा केले आणि समुद्रापार नेले. माझ्या खोलीतला वितालिस जाताना बायकोला म्हणाला, "मातेर्ना, झाडांना पालवी फुटायच्या आत येतो. जात्यावर पाणी सांडू देऊ नकोस."

पालवी फुटली, पाने पिकली, गळली. कोणी आले नाही. दक्षिणेकडून धान्याच्या गाड्याही येईनाशा झाल्या. किल्ल्यात उरले चार-दोन म्हातारे शिपाई, बायका, पोरे आणि एका पायाने लंगडणारा नायक मातुरस. त्याने सगळ्यांना अंगणात बोलावले.

"आजपासून संध्याकाळी सगळी जाती फिरली पाहिजेत. एकही खोली गप्प राहता कामा नये," तो म्हणाला.

"काका, दळायचं काय? कोठारात उंदीरसुद्धा उपाशी आहेत," मातेर्ना म्हणाली.

"मी दळा म्हटलं का? फिरवा म्हटलं."

"रिकामं जातं फिरवायचं नसतं हो. दगड दगडाला खातो."

"खाऊ दे! पलीकडच्यांना कळलं ना आपण किती उरलोय, तर मग आपल्यालाच खातील."

मातेर्नाची लहान मुलगी सेनिला तिच्या कमरेला बिलगून उभी होती. तिच्याकडे पाहून मातेर्ना माझा खुंटा धरून बसली.

असे आमचे रिकामे दळण सुरू झाले. एकेक बाई या खोलीतून त्या खोलीत पळे. एका जात्याला चार फेरे देई, की धावत दुसऱ्याकडे. धुके दाटले की मातुरस उंबऱ्यात बसून डोळे मिटी आणि गेलेल्या शिपायांना नावाने हाका मारी. खरे सांगतो, मलाही ते दिसत. ओल्या झग्यांचा वास येई, कोणी तरी हसे, वितालिसचा हात खुंट्यावर असल्याचा भास होई. माझ्या कडेने मात्र काळी पूड झरे. ती माझीच होती.

दुसरा हिवाळा सरत आला तेव्हा पलीकडची ब्रिका दाराशी आली. ही बाई लोकरीच्या बदल्यात भांडीकुंडी नेई. या वेळी तिच्या खांद्यावर जवाची गोणी होती.

"दार उघडा. पोरांना खायला आणलंय. आणि आमच्या मेंढ्यांना अलीकडच्या कुरणात जाऊ द्या," ती म्हणाली.

मातुरस गुरगुरला, "हे रोमचं दार आहे. आत किती फौज आहे ठाऊक आहे ना? रोज ऐकतेस."

"ऐकते की! दोन हिवाळे ऐकतेय. अहो नायक, आमच्या घरी काय जाती नाहीत? भरलेलं जातं जड बोलतं. तुमची नुसती बोंबलतात."

मातुरसचा चेहरा उतरला. "मग... चालून का नाही आलात?"

"पोरं निघाली होती. माझ्या सासूनं अडवलं. म्हणाली, दोन दोन वर्षं रिकामी जाती ओढताहेत बिचाऱ्या बाया, त्यांच्या घरातून काय आणणार आहात रे?"

ब्रिकाने दाराच्या फटीतून मूठभर जव आत सारला. मातेर्नाने तो धावत आणून माझ्या तोंडात टाकला आणि सारा जीव लावून खुंटा फिरवला.

मित्रांनो, त्या घासाची मी दोन वर्षे वाट पाहिली होती. पण माझे दात झिजून गेले होते. दाणे माझ्या पोटातून घसरत आले आणि जसेच्या तसे बाहेर पडले, काळ्या पुडीने माखलेले. सेनिलाने त्यातलाच एक उचलून तोंडात टाकला. करकर आवाज आला. ती थुंकली आणि रडू लागली.

मातेर्नामागून आत आलेला मातुरस कसाबसा गुडघ्यांवर बसला. त्याने सांडलेले दाणे एकेक करून वेचले, फुंकून स्वच्छ केले आणि मातेर्नाच्या ओंजळीत दिले. मग लंगडत दाराशी गेला, अडसर काढला आणि मान खाली घालून विचारले,

"बाई, तुमचं जातं किती लांब आहे?"

"तो धूर दिसतोय ना, तिथेच. चला. म्हाताऱ्यांनाही घ्या," ब्रिका म्हणाली.

मला उचलून न्यायचे कोणाला सुचले नाही, आणि त्याचा मला रागही नाही. माझी एवढीच विनवणी आहे: जे तुमच्यासाठी राबते, त्याचा आवाज येतो आहे म्हणून निश्चिंत राहू नका. अधूनमधून जवळ बसा, त्याच्या पोटात काही आहे की नाही ते पाहा. त्या संध्याकाळी किल्ल्यात पहिल्यांदाच एकही जाते फिरले नाही, आणि टेकडीपलीकडून भरल्या जात्याचा जड आवाज बराच वेळ येत राहिला.