कोठीतली चीवरे

नदीने बांध फोडला त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या विहारात मदतीचा पहिला ट्रक आला आणि त्यातून चीवरे उतरली. चौथ्या दिवशी दुसरा आला, त्यातूनही चीवरेच उतरली. पाचव्या दिवशी तिसरा. भिक्षूंच्या वस्त्रांचे एकूण सहाशे बारा संच. आमच्या विहारात भिक्षू चार.

यात कोणाचाही दुष्टपणा नव्हता, आणि या प्रकरणातली सर्वांत संतापजनक बाब हीच आहे. दुष्ट माणसाला निदान शिव्या देता येतात. इथे दूरदूरच्या विहारांतल्या भाविक उपासकांनी पुराची बातमी ऐकली, त्यांचे डोळे भरून आले, आणि चीवरदानासारखे दान नाही हे लहानपणापासून कानांवर पडलेले असल्यामुळे त्यांनी ते केले. ज्याचे घर वाहून गेले तो चीवर घेऊन काय करील, हा प्रश्न पुण्याच्या हिशेबात बसत नाही. प्रत्येक संचाला टाचणीने एक चिठ्ठी टोचलेली होती. अमक्याच्या दिवंगत वडिलांना सद्गती लाभो, तमक्याच्या मुलीचे लग्न जुळो. एका गृहस्थाने चिठ्ठीवर आपल्या दुकानाचा शिक्काही उमटवला होता.

आमच्या लोकांनी त्या दिवसांत जे केले ते मात्र कमी नव्हते. विहार उंचावर असल्यामुळे साडेतीनशे माणसे आमच्या सभागृहात येऊन टेकली होती. उपासिकांनी पहिल्या दिवसापासून दोन्ही वेळचे गरम जेवण चुकू दिले नाही. सुतारांनी एका दिवसात मागच्या उतारावर शौचालये उभी केली. चारही भिक्षू पाणी चढले त्याच सकाळी फुटलेल्या बांधाकडे गेले, ते गाळातून प्रेते काढत तिथेच राहिले. तिकडे फोन लागत नव्हता. त्यांच्यासाठी रोज सकाळी एक होडी जेवण घेऊन निघे, आणि ती मध्यान्हीच्या आत पोचते की नाही याकडे आमचे सचिव डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत, कारण मध्यान्हीनंतर भिक्षू जेवत नाहीत. एकही दिवस होडीला उशीर झाला नाही.

सचिव वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. सज्जन, निर्व्यसनी, चष्म्याला दोरी बांधलेली. आलेली प्रत्येक वस्तू ते जागच्या जागी ठेवत, आणि वस्तू जागच्या जागी असली म्हणजे जग ठीक चालले आहे असे त्यांना मनापासून वाटे. सहाशे बारा संच त्यांनी कोठीत रचले, वर प्लास्टिक घातले आणि दाराला कुलूप लावले.

माझ्याकडे विहाराच्या ग्रंथालयाची किल्ली असते. भिक्षूंच्या आचारनियमांची जुनी पुस्तके संपादित करण्यात मी हयात घालवली. लोक मला मास्तर म्हणतात, सचिव सर म्हणतात.

सहाव्या दिवशी सकाळी शिंपीण कोठीच्या दाराशी येऊन उभी राहिली. नदीकाठच्या बाजारात तिचे शिवणाचे दुकान होते. त्यातून तिने दोनच गोष्टी वाचवल्या होत्या, हाताने फिरवायचे शिलाई मशीन आणि सासू. नवरा परगावी कामाला, तिकडचे रस्ते बंद. सासू एक अख्खी रात्र छपराच्या पत्र्यावर भिजत बसली होती, आणि आता सभागृहाच्या सिमेंटवर सतरंजीच्या एका तुकड्यावर पडून होती. छातीत घरघर होती. पाऊस थांबला होता, पण तावदाने नसलेल्या खिडक्यांतून ओला वारा दिवसभर आत येत होता. ब्लँकेटे होती चाळीस. ती लेकुरवाळ्या बायकांना दिली होती, आणि ते योग्यच होते.

"सचिवसाहेब, आत कापडाचे गठ्ठे आहेत. मला थोडे द्या. दोन-दोन जोडून पांघरुणं शिवते. आधी म्हातारीला एक, मग ज्याला लागेल त्याला."

"कापड नाही ते, ताई. चीवरं आहेत. संघाला अर्पण झालेली."

"असू देत. ऊब देतात ना?"

"गृहस्थांनी अंगावर घ्यायची नसतात."

"मग मी अंगाखाली घालते."

जेवणाच्या रांगेत उभी असलेली चार माणसे हसली. सचिव हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "सर, तुम्हीच सांगा. नियम काय आहे?"

इतकी वर्षे जे मी रिकाम्या खुर्च्यांना शिकवले, ते आज साडेतीनशे माणसांच्या देखत कोणीतरी विचारत होते. मी घसा साफ केला. सांगितले की संघाला दिलेली वस्तू जाणूनबुजून दुसऱ्याकडे वळवणे हा दोष आहे. मूळ शब्द सांगितले, अर्थ सांगितला, दोन पाठभेदही सांगितले. उत्तर अचूक होते. अचूकपणाइतकी सुरक्षित लपायची जागा मी अजून पाहिलेली नाही.

सचिवांनी ते माझ्याकडून लिहून घेतले, खाली सही घेतली आणि कागद कुलपाच्या वर डकवला. शिंपिणीने तो उभ्याने पूर्ण वाचला.

"अक्षर छान आहे हो तुमचं," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी म्हातारीपाशी जाऊन बसलो. का गेलो ते लिहीत नाही, लिहिले तर ती सद्भावना वाटेल. शिबिरातली परिचारिका तिची नाडी बघत होती.

"गोळ्या आहेत माझ्याकडे," परिचारिका सुनेला म्हणाली, "पण हिला कोरडं आणि गरम ठेवा. तेवढं जमणार नसेल तर गोळ्यांनी काही व्हायचं नाही, स्पष्टच सांगते." मग माझ्याकडे न बघता उठून गेली.

म्हातारीने एक डोळा उघडला. "तुम्हीच ना ते, दारावरचे?"

"हो."

"बसा. काल सून तुम्हाला फार बोलली. मी म्हटलं, जाऊ दे ग, शिकलेला माणूस आहे, आतून गारठलाय. त्यालापण एक पांघरूण शिव." ती हसायला गेली आणि खोकत राहिली. सुनेने तिला उठवून आपल्या छातीला टेकवले. म्हातारीच्या अंगावर सुनेने स्वतःची ओली साडी वाळवून घातलेली होती, चौपदरी करून.

खोकला थांबल्यावर शिंपीण म्हणाली, "मास्तर, एक विचारू? ट्रकमधून गठ्ठे उतरवायला मीपण होते. कापड हातात घेऊन बघितलं. ताग्यातलं चांगलं कापड मुद्दाम तुकडे करून परत जोडलंय, शेतातल्या वाफ्यांसारखं. माझ्या दुकानात कुणी असं केलं असतं तर मी हाकलून दिलं असतं. कशासाठी करतात?"

"कापडाला किंमत राहू नये म्हणून. तुकडे केलेल्या कापडाचा कोणाला लोभ सुटत नाही. चोरसुद्धा ते नेत नाही."

"म्हणजे किंमत जावी म्हणून कापायचं," ती सावकाश म्हणाली, "आणि मग त्याला कुलूप घालायचं."

 चोर हा शब्द माझ्याच तोंडून निघाला होता, आणि त्याच्या मागोमाग एक जुने वाक्य आठवले. जुन्या भाष्यकारांनी त्या नियमाला दिलेली एक सवलत होती ती. मी ते तिथल्या तिथे सांगायला हवे होते. परंतु पडताळल्याशिवाय बोलायचे नाही ही माझी शिस्त. मी ग्रंथालयात गेलो. तीन प्रती काढल्या, पाने ताडून पाहिली, एका प्रतीत कानामात्रेचा फरक सापडला त्याची नोंद केली. वाक्य तिन्ही प्रतींत होते. या पडताळणीत एक दिवस गेला. खाली सिमेंटवर तोच दिवस कसा गेला, त्याची नोंद मी केली नाही.

आठव्या दिवशी दुपारची पंगत उठल्यावर मी सचिवांना सभागृहात गाठले. आजूबाजूला माणसे होती, ते बरेच झाले.

"परवा सांगितलं त्यात एक भर घालायची आहे. विहारावर दरोडेखोर चालून आले तर संघाच्या मालकीचं त्यांना देऊन टाकावं, असं भाष्यकार म्हणतात. मोजू नये, अडवू नये. देणाऱ्याला दोष लागत नाही."

सचिवांनी चष्मा काढला. "म्हणजे काय, सर?"

"म्हणजे दरोडेखोराला देता येतं. आजारी म्हातारीला देता येत नाही."

 खाली सतरंजीवरून म्हातारीचा आवाज आला, फाटका, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ऐकलंस का ग? आणि तू हात जोडत बसलीस. उठव मला. जन्मभर सरळ वागले, आता एक दरोडा घालते."

तिला उठवेना. सून उठली. तिने मशीनच्या पेटीतली कापड बेतायची मोठी कात्री काढली आणि ती चालायला लागली. तिच्या मागे दहाबारा बायका निघाल्या, दोघींच्या काखेला मुले होती. सचिव धावत पुढे गेले आणि दारात उभे राहिले.

"ताई, हे बरोबर नाही. मी काय तोंड दाखवू देणाऱ्यांना?"

"साहेब, घाबरा की जरा," शिंपीण म्हणाली. "तुम्ही घाबरलात तर नियमात बसतं."

मागच्या बायका मोठ्याने हसल्या. सचिव खरोखर घाबरले होते, पण कात्रीला नव्हे. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्याकडे पाहिले.

"सर, हेही लेखी द्याल?"

मी लेखी दिले.

त्या दुपारी कोठी रिकामी होऊ लागली. चिठ्ठ्यांच्या टाचण्या शिंपिणीने एका वाटीत गोळा केल्या, कारण तिला टाचण्या हव्याच होत्या. भिक्षूंचे वरचे वस्त्र मुळात दुपदरी असते, त्यात भरायला मात्र काही नव्हते. मी ग्रंथालयातून माझ्या संशोधन-पत्रिकेचे वीस वर्षांचे अंक आणून दिले. बायकांनी पाने फाडली, चुरगळली, दोन पदरांत पसरली आणि वरून धावदोरा घातला. पहिले पांघरूण म्हातारीवर पडले तेव्हा ते कुरकुरले.

"काय आहे ग आत?"

"मास्तरांचे लेख," सून म्हणाली.

"बरं झालं. कोणाच्या तरी उपयोगी पडले."

नवव्या दिवशी भिक्षू परतले. थोरले भंते घर सोडण्यापूर्वी गवंडी होते आणि बोलणे अजून गवंड्याचेच आहे. गुडघ्यांपर्यंत चिखल, डोळे लाल. सभागृहात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भगव्या पांघरुणांखाली माणसे पडली होती. ते उंबऱ्यातच थांबले. सचिवांनी सगळे सांगितले, काही न लपवता. ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हेत.

"मला विचारलं का नाही?" भंते म्हणाले.

"आपण तिकडे त्या कामात. एवढ्याशा गोष्टीसाठी आपल्याला त्रास नको, असं वाटलं."

"होडी रोज येत होती ना?"

"हो, भंते."

"जेवण वेळेवर यायचं. गरम असायचं. डब्याला फडकंसुद्धा धुतलेलं असायचं." त्यांनी श्वास घेतला. "त्या डब्याबरोबर एक चिठ्ठी येऊ शकत नव्हती? माझ्या अंगावर तीन वस्त्रं आहेत, चौथ्याचं मी काय करणार होतो?"

सचिवांची मान खाली गेली. भंते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही?"

"मला उत्तर ठाऊक होतं, भंते. म्हणून विचारलं नाही."

त्यांनी मला नीट पाहिले. एखादी भिंत ओळंब्यातून गेलेली, तिरकी झालेली दिसावी तसे. "राहिलेली फाडा," ते बायकांना म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दहाव्या दिवशी दुपारी म्हातारी गेली. अंगावर तीन पांघरुणे होती आणि हातपाय गरम होते. परिचारिकेने डोळे मिटवले आणि म्हणाली, "तेरवापर्यंत छाती अशी नव्हती. तेरवा हे मिळालं असतं..."  मी तिथे उभा होतो. तेरवा मी कानामात्रेचा फरक नोंदवत होतो.

सचिव रडले. मनापासून रडले, याची साक्ष मी देतो. अकराव्या दिवशी सकाळी अंत्यसंस्कार आटोपून सगळे परतले, तेव्हा ते शिंपिणीपाशी आले. कोठीत अजून दीडशे संच होते. ते म्हातारीच्या नावाने भिक्षूंना विधिपूर्वक अर्पण करावेत, ज्यांनी पाठवले त्या उपासकांनाही बोलवावे, पुण्य तिच्या नावे जाईल, असे त्यांनी हळुवारपणे सुचवले. त्यात त्यांना काहीही विपरीत वाटत नव्हते.

ती खिडकीखाली मशीन मांडून बसली होती. उत्तरेकडच्या वस्तीतून रात्री आणखी साठ माणसे आली होती आणि ती गारठलेली होती. सचिवांचे बोलणे संपेपर्यंत तिने दोन शिवणी घातल्या. वर पाहिले नाही. थोड्या वेळाने सचिव निघून गेले.

मी तिथेच उभा राहिलो.  

"मास्तर," ती म्हणाली, "ते दरोडेखोरांचं वाक्य. तुम्हाला कधी कळलं?"

चार दिवसांपूर्वी म्हणता आले असते. तीन प्रतींचा पुरावाही होता.

"एकतीस वर्षांपूर्वी."

मशीनचे चाक फिरत राहिले. भगव्या कापडाची कड सुईखालून सरळ पुढे सरकत गेली, संपली. तिने दोरा दातांनी तोडला आणि पुढचा तुकडा घेतला.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "उजेड अडतोय."