येते म्हणायची राहिली

ठण्.

लोखंडी तव्याच्या कडेवर लोखंडी उलथन्याचा एकच घाव. ना रागाचा, ना घाईचा. देवळाबाहेर राहून घंटा वाजवावी तसा, किंचित खोडकर आणि पूर्ण आत्मविश्वासाचा. शीलामावशी मला आठवते ती आधी या आवाजातून. चेहरा नंतर येतो, आवाजाच्या मागून, सावकाश.

कॅनडात, मॉन्ट्रियलशेजारच्या ब्रॉसार्डमधल्या त्या घरात एप्रिलचा उजेड मोठा विलक्षण पडे. अंगणातला उरलासुरला बर्फ राखाडी होऊन आक्रसलेला, पागोळ्यांतून पाणी ठिबकत असलेलं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारी तिरपी, दुधाळ किरणं मावशीच्या डोक्यावरच्या, मॉन्ट्रियल संघाच्या लाल-पांढऱ्या-निळ्या टोपीवर थबकलेली. साडी नेसलेली असो की ड्रेस घातलेला असो, बेसबॉलचा मोसम सुरू झाला की ती टोपी डोक्यावर चढे. हॉलमध्ये सुधाकरकाका टीव्हीसमोर. पडद्यावर टोरोंटोचा संघ. त्यांचा फलंदाज बाद झाला, की काका कपाळावर हात मारायच्या आत स्वयंपाकघरातून उत्तर येई.

ठण्.

"ऐकलं बरं!" काका ओरडत.

"ऐकण्यासाठीच वाजवलं," आतून उत्तर. "भाकर पलटवत होती मी. तुमच्या टोरोंटोचं काय घेऊन बसले?"

आता वाचक विचारतील, नागपुरातून आलेल्या, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या तपासणाऱ्या बाईला बेसबॉलचं हे वेड लागलं कुठून? सांगतो. सांगायला मला नेहमीच आवडतं. काका या देशात आधी उतरले ते टोरोंटोत, आणि पहिल्या पगाराबरोबर त्यांनी तिथला संघही आपला मानला. मावशी लग्न होऊन आली ती थेट मॉन्ट्रियलला, काकांची बदली झाल्यावर. पहिल्या हिवाळ्यात ती कुणाशी बोलली नाही. बोलायला भाषाच नव्हती. मग वसंतात प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीनं तिला ओढून मॉन्ट्रियलच्या संघाच्या प्रचंड काँक्रीटच्या स्टेडियममध्ये नेलं. मावशी म्हणे, "इतके लोक एकदम ओरडताना पाहिले आणि मीबी ओरडली. कोणी विचारलं नाही, बाई तू कुठली. त्या दिवशी समजलं, आवाज शाबूत आहे आपला." मग तिनं रेडिओवरच्या सामन्यांतून फ्रेंच उचललं. व्याकरण शेवटपर्यंत धड आलं नाही. पण फलंदाज जिथं उभा राहतो त्या पांढऱ्या पाटाला फ्रेंचमध्ये मार्ब्र, म्हणजे संगमरवर म्हणतात, हे ती पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबर सांगे. आणि लगेच स्वतःची दुरुस्ती जोडे: "पण खरं म्हणजे तो उंबरठा आहे. तिथूनच निघायचं, सगळीकडून फिरायचं, आणि तिथंच परत यायचं. परत आला तरच धाव. नाही आला तर सगळी धावाधाव पाण्यात."

घरात दोन पक्ष होते तसा तिसराही होता. मावशीची लेक रश्मी बंडखोरी म्हणून बॉस्टनच्या संघाची झाली आणि पुढं हॅलिफॅक्सला, जिथं सगळेच बॉस्टनचे, तिथं नोकरी धरून बसली. मी तळघरात राहणारा भाचा, शिकायला आलेला. ज्याच्या बाजूनं त्या दिवशी जेवण चांगलं, त्याच्या बाजूचा.

पण या घराचा एक कायदा तिन्ही पक्षांना लागू होता. दाराबाहेर पाऊल टाकताना 'जाते' म्हणायचं नाही. 'येते' म्हणायचं. हे आपल्याकडं सगळेच पाळतात. मावशी मात्र कचऱ्याची पिशवी रस्त्याकडेला ठेवायला निघाली तरी 'येते' म्हणे आणि आतून कुणीतरी 'ये' म्हणेपर्यंत दारात उभी राही. उणे वीस तापमानात दार उघडं. हीटरचं बिल वाऱ्यावर. रश्मी वरून किंचाळे, "आई, just go!" मावशी ढिम्म. अखेर काका म्हणत, "ये बाई, ये!" आणि मग दार बंद होई.

म्हणून मॉन्ट्रियलचा संघ जेव्हा गाशा गुंडाळून अमेरिकेत निघून गेला, तेव्हा मावशीला बोचलं ते त्यांचं जाणं नव्हे, जाण्याची रीत. ती स्वयंपाकघरातल्या फोनवरून नागपूरला, म्हणजे माझ्या आईला, फोन लावून बसली. तो काळ मोजक्या मिनिटांच्या कॉलिंग कार्डांचा होता. मी तिथंच उभा होतो, पोळी गुंडाळून खात. पदर डोळ्यांना लावून ती म्हणाली, "ताई, गेले ना. येतो म्हणालेसुद्धा नाहीत." आणि कार्ड संपून लाइन तुटली.

आता विचार करा. लग्न झालेली मराठी बाई, साता समुद्रापलीकडून, रडत, नाव न घेता, आदरार्थी अनेकवचनात सांगते, 'गेले'. गेला तो पंचवीस खेळाडूंचा संघ, हा विचार नागपुरात कुणाच्या डोक्यात येणार? व्याकरणानं काकांचा बळी घेतला. दुसऱ्या सकाळी फोन खणखणला, काकांच्या नागपूरच्या एका मित्राचा. उचलला काकांनीच.

"जय भीम. वहिनींना द्या जरा. धीर देतो म्हटलं."

"कशाचा धीर?"

"सुधाकरराव गेले ना."

"मीच बोलून राहिलो."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुधा फोन, कदाचित माणूस. उलगडा होईपर्यंत विहारात वंदना झाली होती आणि काकांवर चार जण बोललेही होते. काकांनी कोण काय बोललं ते खोदखोदून विचारलं, आणि पुढची कित्येक वर्षं वादात हरायला लागले की ते म्हणत, "माझ्या शोकसभेत माझ्याबद्दल काय बोलले, माहीत आहे ना तुला?" मावशीची तक्रार वेगळीच. "जिवंत माणसासाठी रडले सगळे. माझा अख्खा संघ गेला त्याचं कोणाला काही नाही."

संघ नसलेली ती चाहती मग आणखीच निष्ठावान झाली. हरायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिला हरवणं अशक्य झालं. ती टोपी उन्हानं विटत गेली, निळा रंग धुक्याचा झाला, लाल रंग विटेचा. तरी दर मोसमात ती डोक्यावर चढे, आणि स्वयंपाकघरातून, एका नाहीशा झालेल्या पक्षाच्या वतीनं, टोरोंटोला उलथनं ऐकवलं जाई.

या एप्रिलमध्ये, मी ते तळघर सोडून केव्हाच दुसरीकडं राहायला गेलेलो असताना, काकांचा मला फोन आला.

"गेली बे. येते म्हणाली नाही."

त्यातल्या शब्दांची ओळख मला क्षणभर आधी पटली आणि अर्थ नंतर लागला. तेवढ्या क्षणात, खरं सांगतो, माझ्या ओठांवर हसू आलं होतं. मी वाट पाहिली. लाइन तुटेल, उद्या उलगडा होईल, मावशीच फोन उचलून 'मीच बोलून राहिली' म्हणेल. पण आता कॉलिंग कार्डं नाहीत. लाइन तुटली नाही.

बर्फासाठी चढवलेले विंटर टायर अजून बदलले नाहीत म्हणून ती काकांशी भांडत घराबाहेर पडली होती. त्या भांडणात 'येते' म्हणायची राहिली. ग्रोसरीच्या दुकानाच्या आवारात, गाडीपाशीच, हृदय थांबलं.

नंतरचा उन्हाळा त्या घरात टीव्हीशिवाय गेला. टोरोंटो जिंकत होतं आणि काकांना ठाऊक नव्हतं. ते खिडकीशी बसत, चहा निवे, त्यांचा आवाज इतका खाली गेला की फोनवर 'हॅलो' म्हणजे नुसता श्वास. "सामना लावा ना," मी म्हटलं, तर म्हणाले, "कोणाशी भांडत पाहू?" रश्मीनं ठरवलं होतं, घर विकायचं आणि बाबांना हॅलिफॅक्सला न्यायचं. काकांनी ना हो म्हटलं, ना नाही, आणि मला भीती वाटली ती त्या नाही न म्हणण्याचीच. एका वर्षात त्या घरातून दोन माणसं जातील, एक देहासकट आणि एक देह मागं ठेवून, असं वाटू लागलं.

ऑक्टोबरात रश्मी आली, मीही जाऊन राहिलो. मेपलची पानं विझत्या निखाऱ्यांसारखी अंगणभर पसरलेली, संध्याकाळ लवकर उतरलेली. रश्मीनं मुद्दाम टीव्ही लावला. टोरोंटोचा मोक्याचा सामना होता. काका उठून आत गेले. आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता पडद्याकडं बघत राहिलो. टोरोंटोचा फलंदाज आला, भरलेलं मैदान श्वास रोखून उभं राहिलं, त्यानं बॅट फिरवली, आणि चेंडू झेलला गेला.

ठण्.

रश्मीनं माझा हात घट्ट पकडला. मी शपथेवर सांगतो, त्या एका निमिषात स्वयंपाकघरात मावशी होती. भाकरीचा खमंग वास होता, बांगड्यांची किणकिण होती, तिरपा उजेडही होता, बाहेर अंधार असताना.

दारात काका उभे होते. डोक्यावर ती विटकी टोपी, हातात उलथनं. डोळे वाहत होते आणि ओठ, अगदी तिच्यासारखे, एका बाजूनं वर गेलेले.

"असे काय पाहता?" ते म्हणाले. आवाज परत आला होता, पूर्ण. "विरोधात कोणीतरी पाहिजे का नाही? जिंकून राहिले फुकटात!"

"Baba," रश्मी म्हणाली, "you're booing your own team."

"मी कुठं? ती. मी फक्त हात दिला."

घर विकलं नाही. हिवाळ्यापुरते काका हॅलिफॅक्सला निघाले. गाडीत बसले, पट्टा लावला, काढला, उतरले. कुलूप उघडून त्यांनी रिकाम्या घरात डोकं घातलं आणि म्हणाले, "येतो गं." मग उभे राहिले. वारा आत शिरत होता, हीटर कुरकुरत होता, रश्मीनं या वेळी घाई केली नाही. त्यांनी काय ऐकलं, ठाऊक नाही. पण थोड्या वेळानं मान हलवून त्यांनी दार ओढून घेतलं.

मावशी 'येते' म्हणाली नव्हती, आणि त्या शब्दाचं उत्तर, एवढंच काय ते तिचं आमच्याकडं राहिलेलं देणं. म्हणून हल्ली कुठल्याही घरात, कुणाच्याही तव्यावर उलथनं वाजलं, की मी क्षणभर थांबतो आणि तिनं न उच्चारलेल्या त्या शब्दाला मनातल्या मनात उत्तर देऊन टाकतो: ये.