घोंगडीच्या भोकातला काळा डाग

बन्सीधरबुवाने काळी घोंगडी वर धरली आणि चुडाव्याजवळच्या वाडीतली माणसं माना उंचावून पुढे सरकली. घोंगडीला मुठीएवढं भोक होतं. त्यामागे उन्हासमोर धरलेला मनकर्णाच्या मेंदूचा फोटो, आणि त्यात चिंचोक्याएवढा काळा डाग.

"बघा, कसं मांडी घालून बसलंय! ओम फट्, हैदराबादी भुता, हट!"

बुवाने घोंगडी झटकली. पुन्हा भोकातून पाहिलं, तर डाग नाही!

"गेलं की वो!" म्हातारे आश्रुबा ओरडले.

बुवा म्हणाला, "धड गेलं, मूळ राहिलंय. टाळूवर तापली सळी ठिवावी लागंल."

मनकर्णाने दोन्ही हात टाळूवर धरले. मागच्या महिन्यात ती उसाच्या गाडीवरून डोक्यावर पडली, म्हणून नवऱ्याने, व्यंकटीने, तिला हैदराबादला नेलं. स्कॅनमध्ये मार निघाला नाही. पण डॉक्टरच्या बोलण्यातलं 'दिमाग में काला' एवढंच व्यंकटीने ध्यानात ठेवलं, ते भूतच असं धरलं आणि बुवाला बोलावलं. तेव्हापासून तिला एकच धास्ती: मनात येतं ते माझं, का त्या भुताचं?

विस्तवात सळी लाल झाली. व्यंकटीने तिचे खांदे दाबले. "डोळे मीट. तुझ्याच भल्याचं हाय."

"थांबा!" आरोग्य उपकेंद्राच्या सत्यशीला सिस्टर गर्दीतून पुढे आल्या. "बुवा, घोंगडी काढा."

"देवाच्या कामात बाईमाणसानं..."

"भूत गेलंय ना? मग भिताय कशाला?"

लोक हसले. सिस्टरांनी घोंगडी ओढली. एकाच फोटोत बारा चौकोन होते.

"काकडीच्या चकत्या कराव्यात, तसे हे एकाच डोक्याचे काप. डाग चार कापांत आहे, आठांत नाही. भोकातून एका वेळी एकच काप दिसतो. बुवांनी घोंगडीआड फोटो सरकवला, एवढंच!"

आश्रुबांनी घोंगडी घेऊन स्वतः करून पाहिलं. "आला... गेला... आला! आरं, मलाबी मंतर येतुया!"

बुवा चपला शोधू लागला.

सिस्टरांनी फोटोच्या पाकिटातली डॉक्टरची चिठ्ठी वाचली आणि मनकर्णाकडे वळल्या. "हा डाग म्हणजे पाण्याची पिशवी आहे. जन्मजात. क्वचित कुणाला असते. तू पडलीस म्हणून दिसली. आत्ता इलाज नको. फिट आली, डोकं फार दुखलं, तर लगेच जायचं."

"म्हंजी लहानपणापास्नं हाय?"

"हो. ती असतानाच चालायला शिकलीस, लेकरं वाढवलीस."

मनकर्णाने सळीकडे पाहिलं. "भ्या तर वाटतंयच, सिस्टर."

"वाटू दे. पण भ्यालं की आधी विचारायचं. जो विचारू देत नाही, त्याच्या हाती डोकं द्यायचं नाही."

मनकर्णाने व्यंकटीचे हात खांद्यावरून काढले.

"आता डाक्टर बोलंल तवा मी सोता ऐकीन. न्हाई समजलं, तर पुन्ना इचारीन."