शेंगा सोलणारी जाकोमिना

क्रीनाच्या सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला सगळे वेळेवर आले होते, फक्त तिचा मुलगा मारिनुस तेवढा यायचा होता. बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या, कॉफीची दुसरी फेरी झाली होती आणि दालचिनीचे चिकट गोड पाव, बोलूस, निम्मे फस्त झाले होते. "पाच मिनिटांत पोचतो" असा मारिनुसचा निरोप येऊन पाऊण तास उलटला होता.

"थांबा, बाबाची जिरवते," असं म्हणत त्याच्या मुलीने, तेवीस वर्षांच्या फेनाने, फोनवरून घरच्या ग्रुपवर एक चित्र पाठवलं. खोलीत एकापाठोपाठ एक फोन वाजले आणि सगळे खो खो हसत सुटले.

"आजी, तू अजून पाहिलंच नाहीस हे?" फेनाने फोन तिच्या हातात दिला. "महिनाभर सगळीकडे हीच बाई आहे!"

ते एक जुनं तैलचित्र होतं. पांढरी टोपी घातलेली सतराएक वर्षांची मुलगी, मांडीवर मटाराच्या शेंगांची परात. शेंगा सोलता सोलता तिचे हात थांबले होते आणि नजर सरळ बघणाऱ्यावर रोखलेली होती. ती रागावलेली म्हणावी तर नव्हती. समोरच्याला पुरतं ओळखून चुकलेली आणि आता त्याच्याकडून कसलीच अपेक्षा न उरलेली ती नजर होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'पाच मिनिटांत आलोच म्हणाला होतास ना?'

क्रीनाही हसली. "अगदी माझ्या मनातलं बोलली बघ."

"आणि दिसतेही तुझ्यासारखी!" कोणीतरी कोपऱ्यातून म्हणालं.

क्रीनाने चष्मा वर केला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. मुलीच्या डाव्या भुवईत मधेच एक फट होती. तेवढ्या जागी केसच नव्हते.

तिचं हसू ओसरलं. त्या भुवईबद्दल तिला माहीत होतं.

आईबद्दल क्रीनाला माहीत असलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. एकोणीसशे त्रेपन्न सालच्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले आणि त्यांच्या बेटावरची गावंच्या गावं पाण्याखाली गेली, तेव्हा क्रीना पाच वर्षांची होती. खोकला झाला म्हणून तिला मावशीकडे खूस शहरात ठेवलं होतं, म्हणूनच ती वाचली. आई, वडील, आजी-आजोबा, दोन्ही घरं आणि घरांतला प्रत्येक फोटो पाण्याने नेला. तिला वाढवलं ते पीटरनेला मावशीने. मावशी त्या पाण्याबद्दल चकार शब्द काढत नसे. क्रीनानेही विचारायचं सोडून दिलं होतं. आईचे ओले हात तिला आठवत, लोकरीच्या शालीचा वास आठवत असे, पण चेहरा कितीही डोळे मिटून शोधला तरी सापडत नसे.

फक्त एकदा, क्रीनाच्या लग्नाच्या दिवशी, मावशी तिचे केस विंचरता विंचरता म्हणाली होती, "लहानपणी मी तुझ्या आईला, जाकोमिनाला, दंताळं मारलं होतं. डावी भुवई फाटली. तिथे पुन्हा केस आलेच नाहीत."

मारिनुस आला तेव्हा आई दारात कोट घालून उभी होती.

"अगं, रागावलीस की काय? रस्त्यात बोटींसाठी पूल उघडला होता—"

"गाडी वळव. मावशीकडे जायचंय."

पीटरनेला मावशी शहाण्णव वर्षांची होती. वृद्धाश्रमात तिची खोली कालव्याच्या बाजूला होती आणि ती बहुतेक वेळ खिडकीतून जाणाऱ्या बोटींना नावं ठेवत बसलेली असे. फेनाने चित्र टॅब्लेटच्या मोठ्या पडद्यावर आणलं आणि तो टॅब्लेट तिच्या मांडीवर ठेवला.

मावशीने त्या मुलीच्या गालावरून बोट फिरवलं. पडदा सरकला, चित्र गायब झालं आणि ती घाबरली.

"आणा तिला परत!"

"आणते, पणजीमावशी, आणते. ही बघ."

"जाकोमिना," मावशी म्हणाली. "ही आमची जाकोमिना." क्रीनाचा हात तिने घट्ट धरला. "तुझी आई, पोरी."

त्या दिवशी मावशीने पहिल्यांदा तोंड उघडलं. अडतीस सालच्या उन्हाळ्यात एक चित्रकार त्यांच्या शेतघरी भाड्याने राहायला आला होता. लांब, हडकुळा, भूक मात्र राक्षसाची. त्याने जाकोमिनाला अंगणात बसवलं.

"रोज सांगायचा, पाच मिनिटं, मुली, फक्त पाच मिनिटं! आणि हिला दुपारभर अडकवून ठेवायचा. तिकडे घरातली सगळी कामं माझ्या बोडक्यावर! मी दहा वर्षांची, पण मी त्याच्या सूपमध्ये मीठ ओतलं होतं मूठभर."

"आणि चित्र?" क्रीनाने विचारलं.

"तुम्हाला देतो म्हणाला होता. घेऊन पळाला." मग मावशीने फेनाला विचारलं, "खाली काय लिहिलंय?"

फेनाने चाचरत वाचून दाखवलं. आपल्याला आता बोलणी बसणार असं तिला वाटलं. पण मावशी इतकी हसली की खोकला लागला आणि नर्स धावत आली.

"ज्याने कोणी लिहिलंय, त्याचं देव भलं करो. ती अगदी असंच बोलायची."

चित्र कुठे आहे ते फेनाने घटकाभरात शोधून काढलं. दोन तासांच्या वाटेवरच्या एका गावात तीन खोल्यांचं संग्रहालय होतं. चित्रकाराच्या भाचीने मरताना त्याचं सामान तिथे दिलं होतं आणि ते वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होतं. पुढच्या शनिवारी क्रीना तिथे गेली तेव्हा तिने दाराशी बसलेल्या मुलीला विचारलं, "ते मीम की काय म्हणतात, ते कोणी केलं?"

मुलगी उठून उभी राहिली. तिचं नाव मेरेल, ती तिथे शिकाऊ म्हणून यादी करायचं काम करत होती. "मीच केलं," ती म्हणाली. "गंमत म्हणून मैत्रिणींना पाठवलं होतं. पुढे काय होईल याची मला कल्पना नव्हती. कलेची थट्टा केली म्हणून इथेही सगळे बोलले मला. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर—"

"ती माझी आई आहे."

मेरेलचा चेहरा पांढराफटक पडला. "मी काढून टाकते. म्हणजे सगळीकडून नाही निघणार, पण—"

"खबरदार काढलंस तर!" क्रीना म्हणाली आणि त्या अनोळखी पोरीला मिठी मारून रडू लागली. "बहात्तर वर्षं होतील गं येत्या फेब्रुवारीत. तू ते माळ्यावरून खाली आणलं नसतंस, हसली नसतीस, तर मी तशीच गेले असते, तिला न बघता."

मग मेरेलने तिला आतल्या खोलीत नेलं. खरं चित्र फोनवरच्यापेक्षा मोठं आणि शांत होतं. टोपीखालून सुटलेली बट, नखांत अडकलेला हिरवा रंग, कोपरावर ठिगळ. क्रीना खुर्चीवर बसून राहिली. ही आई तिच्या नातीहूनही लहान होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं आणि तिला त्या मुलीची माया दाटून आली, जशी फेनाची येई तशी.

"लोक हसतात त्याचं काहीच वाटत नाही तुम्हाला?" मेरेलने हळूच विचारलं.

"लिस्बनमधल्या एका नर्सने ही जेवणाच्या खोलीच्या दारावर चिकटवलीय म्हणे. फेनाने वाचून दाखवलं. रात्रपाळी संपली की हिच्याकडे बघून ती हसते आणि मग घरी जाते." क्रीनाने डोळे पुसले. "बेटाबाहेर दोनदासुद्धा न गेलेल्या बाईला आणखी काय हवं?"

चित्राखालच्या चिठ्ठीवर 'शेंगा सोलणारी मुलगी, मॉडेल अज्ञात' असं होतं. महिन्याभरात ती बदलली : 'जाकोमिना हान्से, वय सतरा.' संग्रहालयाच्या लोकांनी मेरेलची माफी मागितली की नाही ते कळलं नाही. पण तिला कायमची नोकरी मिळाली हे खरं.

आता दर बुधवारी मेरेल पीटरनेला मावशीकडे जाते आणि वहीत तिच्या आठवणी उतरवून घेते. क्रीनाही शेजारी विणकाम घेऊन बसते. इतकी वर्षं कुलूपबंद असलेलं मावशीचं तोंड आता थांबत नाही. गेल्या बुधवारी तिने सांगितलं की जाकोमिना गोठलेल्या कालव्यावर मुलग्यांना शर्यतीत हरवायची आणि वर दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घालायची की पलीकडच्या गावातली कुत्री भुंकत.

"शीळ?" क्रीनाच्या हातातल्या सुया थांबल्या. "आई शीळ घालायची?"

"तर काय! ये इकडे, तुला दाखवते," मावशी म्हणाली आणि तिने दोन बोटं ओठांशी नेली.