मलप्पांची उतरंड

मालविका हदगावहून लातूरला आली होती डॉक्टर व्हायच्या शिकवणीला. पण तिच्या जीवशास्त्राच्या वहीत मागच्या पानांवर घोडमाणसं चरत होती. नांदेडचा सर्वेश अद्भुतकथांचा संग्रह काढत होता. त्यासाठी तिनं कथा पाठवली होती. तिचं नाव पहिल्यांदाच छापून येणार, अन् नेमका त्याचा फोन आला.

"घोडमाणूस, सापांच्या केसांची बाई, तीन तोंडांचा कुत्रा! दहातल्या नऊ कथांत हीच मंडळी. सगळी ग्रीकांकडून मागून आणलेली. तुझं स्वतःचं काहीतरी टाक. चारपर्यंत. नाहीतर राहू दे."

दोन वाजले होते. घरमालक मलप्पा बाजेवर बसून तिचं पडलेलं तोंड बघत होते.

"वाच की मला. कुठं बिघडलं बघू."

ती वाचू लागली. कुत्रा आला तसा त्यांनी हात वर केला. "तीन तोंडं? मग भाकरी एका तोंडाला का तिन्हीला?"

"आजोबा, तो पाताळाचा राखणदार आहे!"

"आसंल. पोट तर एकच ना?"

ती हसली, पुढं गेली. "मग येतो समुद्राचा देव. त्यानं त्रिशूळ आपटला की भूकंप होतो."

मलप्पांनी पुन्हा हात वर केला. "समुद्राचा? मग किल्लारीकडं काय करत होता? तिथून समुद्र लई लांब हाय."

मालविकाची नजर बाजेशेजारी गेली. पालथा तांब्या, त्यावर पेला, पेल्यावर वाटी. जमीन थरथरली की उतरंड कोसळणार, आवाजानं माणूस बाहेर पळणार. किल्लारीच्या भूकंपानंतर घरोघरी अशी रचत. बाकीच्यांची भांडी कधीच स्वयंपाकघरात परतली, मलप्पांची तिथंच. जड ट्रक गेला की खणखणाट, अन् शिकवणीच्या पोरी पुस्तकांसकट अंगणात!

"त्या वेळी होती का ही?"

"न्हाई. नंतर सुचलं. बायको त्यात गेल्यावर. पार्वती."

मालविका तिथंच फरशीवर बसून लिहू लागली. कुत्रा तसाच ठेवला. मग देव येतो, त्रिशूळ आपटतो, उतरंड कोसळते. दारातला म्हातारा मात्र पळत नाही. म्हणतो, "लई लांबून आलास. आता उचल." देव त्रिशूळ काखेत मारून भांडी रचायला बसतो, आधी वाटी. तीनदा घसरतात. पाडायची सवय झालेले हात.

तिनं वाचून दाखवलं. मलप्पांनी आपल्या उतरंडीकडं बोट केलं.

"वाटी खाली ठेवतोय तो. तांब्या आधी म्हणावं. सांग त्याला."

तिनं तेवढं दुरुस्त केलं. चाराला पाच कमी असताना कथा गेली. थोड्याच वेळात सर्वेशचा निरोप आला: "घेतली! फक्त तो कुत्रा काढ."

"काढू का, आजोबा?"

"कशाला? म्हाताऱ्याच्या दारात बसंल. तेवढीच सोबत." मलप्पांनी वाटी नीट सारखी केली. "भाकरीचं मी बघतो."