पाणमांजराचं पिल्लू

संग्रहालयात हाडं निवडणाऱ्या बाई, निवृत्तीला आठ दिवस उरले असताना नदीतल्या गुहेत जायला निघाल्या, तेव्हा साहेबांनी कपाळाला हात लावला. परवानगीसाठी बाईंनी दोन महिने त्यांचा पिच्छा पुरवला होता. चूक सुधारायची तर नुसती कोठारातल्या डबीवरची चिठ्ठी बदला, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं साहेबांचं म्हणणं. पण बाईंना एखादी गोष्ट पटली नाही की त्या ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसत.

चूक बाईंचीच होती. तीस वर्षांपूर्वी या गुहेत एका स्त्रीचा हजारो वर्षं जुना सांगाडा सापडला. हाडं चुन्यानं खडकाला इतकी धरून बसली होती, की ती तिथंच ठेवून वर काच बसवावी लागली. तिच्या अंगावरच्या मातीतून चाळलेली काडीएवढी हाडं बाईंनी डबीत भरली. गुहेत पाणमांजरं राहतात, म्हणजे ही त्यांच्याच पिल्लाची, असं ठरवून मोकळ्या झाल्या. जवळ वस्तू नाही, माणूस नाही, म्हणजे हिला तिच्या लोकांनी टाकलं होतं, असं पुस्तकही लिहिलं. त्याच पुस्तकानं त्यांचं नाव झालं. आता कोठार आवरताना त्याच डबीत त्यांना दाताचा कोंब दिसला. माणसाच्या बाळाचा. त्या दिवशी त्यांना घास गेला नाही. बाळ तिच्या कुशीतलंच असेल तर सगळं पुस्तक खोटं, आणि ते जागेवर गेल्याशिवाय कळणार नव्हतं.

नावाडी तेव्हाचाच, आता पार पिकलेला. गुहेच्या छताला वटवाघळांच्या आया पिल्लांसकट लटकल्या होत्या. आई दचकली तर पिल्लू पाण्यात पडतं, म्हणून त्यानं वल्ही फडक्यात गुंडाळली होती आणि लाल दिवा खाली धरला होता. उतरायच्या खडकावर मात्र एक पाणमांजर दोन पिल्लं पोटाशी घेऊन बसलं होतं. त्यानं दात विचकले.

"साधं मांजर आडवं गेलं तरी माणसं परत फिरतात, बाई," नावाडी कुजबुजला. "हे तर आडवं बसलंय."

परवानगी आजच्या दिवसाचीच होती. बाईंनी पदर खोचला, डबी डोक्यावर धरली आणि नावेच्या दुसऱ्या बाजूनं कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. पाणी गार होतं, गुडघा ठणकत होता, वटवाघळांच्या लेंडीनं पाय सरकत होता. नावाडी स्वतःशीच बडबडत मागोमाग आला.

दोघांनी काच उचलली. स्त्री कुशीवर निजलेली, एक हात कोपरात वळलेला. त्या वळणात चुन्यावर पाच बारीक खाचा होत्या. बाईंनी पूर्वी त्या पाण्यानं पडलेल्या म्हणून नोंदवल्या होत्या. त्यांनी डबीतली पहिली बरगडी खाचेत ठेवली. ती नेमकी बसली. दुसरी बसली. पाचवीही बसली. आपण या पोरीचं मूल काढून नेलं आणि वर तिलाच एकटी म्हणालो, या विचारानं त्यांना रडू कोसळलं.

मग डोळे पुसून त्यांनी काचेखालची पितळी पाटी दाखवली. तिच्यावर कोरलं होतं, 'एकाकी स्त्रीचं दफन'.

"ही काढा."

"साहेबांना विचारायला नको?"

"कशाला? खाली नाव माझं आहे."